दोन्ही विधानं खरी, मग घोडं अडतं कुठे?

प्रश्न : जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत, क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या उताऱ्यांवरच्या तर्काच्या प्रश्नांत) पॅराडॉक्सचे, म्हणजे खऱ्या पण एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन विधानांचा मेळ घालणारा पर्याय निवडायचे प्रश्न आले की शेवटच्या दोन पर्यायांपाशी अडकायला होतं आणि निवडलेला पर्याय हमखास चुकतो. काय करावं?

उत्तर : चूक बहुधा आधीच झालेली असते, पर्याय वाचायला घेण्यापूर्वी. उतारा संपला की नेमकी विसंगती 'असं असूनही' घालून एका वाक्यात मनाशी म्हणा. ते वाक्य जुळत नसेल तर पर्यायांकडे फिरकू नका, उतारा पुन्हा वाचा. हे प्रश्न ज्यात येतात त्या व्हर्बल विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एकाला दोन मिनिटंही पुरी मिळत नाहीत. तरी त्यातली तीसचाळीस सेकंद इथे घालवलेली परवडतात.

हा नमुना पाहा. एका शहरात दुचाकीस्वारांना हेल्मेटसक्ती झाली आणि जवळपास सगळे ती पाळू लागले. दुचाकींचे अपघात पूर्वीइतकेच राहिले. असं असूनही डोक्याला मार लागून रुग्णालयात दाखल होणारे दुचाकीस्वार वाढले. ही विसंगती कोणता पर्याय उलगडतो? पर्याय असे : (अ) अनेकांनी हलक्या दर्जाची हेल्मेट घेतली. (आ) अपघातांची सरकारी नोंद सदोष आहे. (इ) शेजारच्या शहरातही सक्तीनंतर हेच घडलं. (ई) पूर्वी असे अनेक जखमी जागीच दगावत. आता ते उपचारापर्यंत पोहोचतात. (उ) हेल्मेटमुळे मानेवर ताण येतो.

'अ' भुलवतो, कारण तो खरा वाटतो. पण हलक्या हेल्मेटमुळे फार तर आकडा कमी झाला नसता. तो वाढला का, हे त्यातून कळत नाही. अर्धीच बाजू सांभाळणारा हा पर्याय, आणि शेवटच्या दोनांत उरतो तो बहुधा हाच. 'आ' दिलेली माहितीच खोडून काढतो. परीक्षेत उताऱ्यातली विधानं खरीच धरायची असतात, तिथे शंकेखोरपणाला गुण नाहीत. 'इ' कोडं सोडवत नाही, दुसऱ्या गावी नेऊन ठेवतो. 'उ' मानेबद्दल बोलतो, प्रश्न डोक्याचा आहे. 'ई' मान्य केला की दोन्ही विधानं खरी राहतात आणि आश्चर्य उरत नाही. 'ई' नवी माहिती आणतो म्हणून बिचकू नका. या प्रकारात बाहेरची माहिती आणावीच लागते. अनुमानाच्या प्रश्नांत उताऱ्याबाहेर जायचं नसतं, ती सवय इथे नडते.

प्रश्न : 'खालीलपैकी कोणता पर्याय विसंगती स्पष्ट करत नाही?' असं विचारलं तर?

उत्तर : चार पर्याय कोडं सोडवतात, एक सोडवत नाही. तो एक विसंगती वाढवणारा असेल किंवा नुसताच गैरलागू. उलटच असला पाहिजे असं नाही. कच्च्या कामाच्या फळीवर प्रत्येक पर्यायापुढे बरोबर किंवा फुली करा. पर्यायांची आपसांत तुलना करत बसू नका. थोडीफार मदत करणाऱ्यालाही 'बरोबर'च द्या.

प्रश्न : टक्केवारी आली की गोंधळ उडतो.

उत्तर : टक्के कशाचे, हे आधी विचारा. १०० जणांपैकी १० टक्के म्हणजे १०. ३०० पैकी ८ टक्के म्हणजे २४. प्रमाण घटलं, संख्या दुपटीहून वाढली, आणि दोन्ही खरं. असं कोडं सोडवणारा पर्याय बहुतेकदा एकूण संख्येबद्दल बोलतो.

कधी मेख गटांच्या वाटणीत असते. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं १९७३चं उदाहरण प्रसिद्ध आहे. पदव्युत्तर प्रवेशात पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. विभागवार पाहिलं तर मात्र बहुतेक ठिकाणी स्त्रियांवर अन्याय दिसेना. कारण असं की, जिथे प्रवेश मिळणं सगळ्यांनाच अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज तुलनेने जास्त गेले होते. उताऱ्यात एकूण टक्केवारी एक सांगते आणि गटागटाची दुसरं, असं दिसलं की कोणत्या गटात किती जण आहेत हे सांगणारा पर्याय आधी शोधा.