वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या बालगृहात सेवेला जावं का?

प्रश्न : आदरणीय बाई, ख्रिस्तात सलाम. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चर्चच्या तरुण संघात चार वर्षं गाणी घेते. येत्या मे महिन्यात आमचे १४ जण १० दिवसांसाठी काठमांडूजवळच्या एका बालगृहात सेवेला जाणार आहेत. प्रत्येकी ३२ हजार रुपये भरायचे आहेत. मुलांशी खेळायचं, बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, शेवटच्या दिवशी कपडे आणि खेळणी वाटायची, असा कार्यक्रम ठरलाय. मला लहान मुलांचं वेड आहे. पण आई म्हणते, "दहा दिवसांत कुणाला माया लावून येणार आहेस?" तिचं ऐकू की जाऊ? आणि गेलेच, तर मुलांसाठी काय नेऊ?
– स., वय २१, श्रीरामपूर तालुका

उत्तर : बाळ, आधी तुझ्या आईला माझा सलाम सांग. तिनं जे घरात बसून ओळखलं, ते कळायला मला नेपाळपर्यंत जावं लागलं.

मे २०१२ मध्ये मीही अशाच एका गटातून गेले होते. शाळेत आणि चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गात, मिळून जन्म शिकवण्यात गेलेला, त्यामुळे मुलं कुठलीही असोत, आपलं जमणारच अशी खात्री होती. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. त्या शनिवारी उपासना आटोपल्यावर आम्ही मुलांना पाच भाकरी आणि दोन माशांचं चित्र रंगवायला दिलं. तेवढ्यात येशूनं हजारोंना जेवू घातलं आणि वर बारा टोपल्या उरल्या, ती बायबलमधली गोष्ट. माझ्या मांडीवर सातेक वर्षांची एक पोर होती. मी गोष्ट सुरू करायच्या आत तिनं दोन्ही मासे निळे करून टाकले आणि "बारा टोपल्या उरल्या" हेही हिंदीत सांगून टाकलं. आमच्याआधी आलेल्या गटांनी हीच गोष्ट सांगितली होती.

तेवढ्यात फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पायांवर विटांची लाल धूळ, हातात कापडी पिशवी. तिथल्या दिदीनं तिला बाहेरच थांबवलं. पोर एकटक तिकडे बघत होती. मी विचारलं, कोण गं ती? ती हळूच म्हणाली, "आमा." नेपाळीत आमा म्हणजे आई. पण ती उठली नाही. पाहुण्यांजवळ बसायचं, असं तिला बजावलेलं होतं. रंगखडू तसाच मुठीत धरून ती बसून राहिली. आणि मीही तिला उठवलं नाही. पुढचं गाणं सुरू झालं, आम्ही हातवारे करत गायलो, बाई पिशवी देऊन निघून गेली. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती पिशवी पाहिली. त्यात चिउरा होता, म्हणजे आपले पोहे, आणि भाजलेला मका. त्या पोरीला उठवून फाटकापर्यंत नेलं नाही, ही टोचणी मला आजही आहे.

आम्हाला सांगितलं होतं की या मुलांना कुणी नाही. चौकशी केल्यावर कळलं, आई विधवा होती, भक्तपूरकडच्या वीटभट्टीवर कामाला होती, आणि लेकीला शाळा मिळावी म्हणून तिनं तिला तिथं ठेवलं होतं.

हे काही एका बालगृहापुरतं नाही. नेपाळातल्या बालगृहांमधल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. १९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलालांनी मुलं काठमांडूत आणली. शिक्षणाचं आमिष दाखवून आईबापांकडूनच पैसे घेतले आणि मुलांना अनाथ म्हणून दाखवलं. २०१५ च्या भूकंपानंतर तेच पुन्हा होऊ नये म्हणून सरकारला कागदपत्रांशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली. जिथं पाहुणे आणि देणग्या येतात तिथं मुलं आणली जातात, हे सरळ गणित आहे. तिथला २०१८ चा बालबालिकांचा कायदाही सांगतो की आधी नातेवाईक, आधी कुटुंब. संस्था हा अगदी शेवटचा उपाय.

तू लिहितेस की मुलांचं वेड आहे. ते खरंच आहे, मला शंका नाही. पण दर पंधरवड्याला नव्या मांडीवर बसणारं आणि दर पंधरवड्याला निरोप देणारं लेकरू पहिल्याच मिनिटाला गळ्यात पडतं, तेव्हा त्याला तू आवडलीस असं समजू नकोस. कुणावर विसंबायचं हेच त्याला कळेनासं झालेलं असतं.

अशा सेवेच्या पत्रकांवर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं १:२७ हे वचन हमखास छापलेलं असतं. ते नीट वाच. अनाथ आणि विधवा, दोघांचीही विचारपूस करायला याकोब एका दमात सांगतो. आम्ही त्यातली लेकरं उचलली आणि विधवेला फाटकाबाहेर उभं केलं.

आणखी एक, स्पष्टच सांगते. नेपाळात धर्मांतर घडवणं गुन्हा आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा संपल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. तुम्ही परत याल, पण त्रास तिथल्या पाळकांना होईल. आणि कायदा नसता तरी मी म्हणाले असते की दुसऱ्याच्या हिंदू वा बौद्ध लेकराला त्याच्या आईच्या माघारी प्रार्थना शिकवणं ही सुवार्ता नव्हे.

मग जाऊ नकोस का? बालगृहात नको. नेपाळात जरूर जा. पाळकसाहेबांना भेट आणि विचार : या मुलांचे आईवडील कुठं आहेत? त्यांना घरी परत नेण्याचं काम ती संस्था करते का? आपल्या १४ जणांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी कुणी मागितली का? जी संस्था कुणालाही न तपासता मुलांत सोडते, तिथं मुलं सुरक्षित नाहीत. उत्तरं मिळाली नाहीत, तर कार्यक्रम बदलायचा आग्रह धर. आमची मंडळी आता भक्तपूरजवळच्या एका छोट्या मंडळीला मदत पाठवते. तिथं भट्टीवरच्या बायका दिवसा मुलं सोपवतात आणि रात्री आपल्या कुशीत घेऊन झोपतात. शिकवणाऱ्या मुली तिथल्याच.

तू शिक्षिका होणार आहेस. अशा मुलींसोबत बस, मुलांसमोर त्यांनाच उभं राहू दे. नेपाळी देवनागरीतच लिहितात, तेव्हा तक्ते आणि अक्षरकार्डं दोघींनी मिळून करता येतील. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि १८६२ साली आपल्या नगरमध्येच वारल्या. मराठी शिकून त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. तितकं राहणं तुला जमणार नाही, मलाही जमलं नाही. पण त्यांनी शिकवणाऱ्या बायका घडवल्या, तेवढा धडा दहा दिवसांतही गिरवता येतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की तुझ्याच तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. तिथल्या मुलांकडे दर रविवारी जाता येईल, वर्षानुवर्षं.

राहता राहिलं काय न्यायचं ते. खेळणी आणि चॉकलेटं नको. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो मोबाइलवर टाकू नकोस. रंगखडू मात्र भरपूर ने, पण स्वतः वाटू नकोस. मुलं यायच्या आधी ते शिकवणाऱ्या दिदीच्या कपाटात ठेव, म्हणजे मुलांना ते तिच्या हातून मिळतील.