मालदीवसारख्या लहान बेटदेशात दळणवळण सुधारायचं तर विमानतळ वाढवावेत की पूल बांधावेत?

दोन्हींच्या आधी बंदराचं तोंड नीट करावं. मी तिथे तीन वर्षं बंदराच्या कामांवर साइट सुपरवायझर होतो, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मालदीवमध्ये बाराशेच्या आसपास बेटं, त्यात वस्तीची दोनशेच्याही आत, आणि उत्तर-दक्षिण पसारा आठशे किलोमीटरच्या वर. प्रत्येकाला पूल किंवा धावपट्टी कुठून पुरणार? बहुतेक बेटांना बाहेर पडायची एकच वाट, भोवतालच्या प्रवाळातून कापलेला चॅनल. तोच धड नसेल तर बोट कितीही चांगली आणा, ती बाहेरच थांबणार.

आमचं बेट उत्तरेकडचं, हजारभर वस्तीचं. ड्रॉइंगमध्ये चॅनलचं तोंड पश्चिमेला होतं, कारण त्या बाजूला प्रवाळाचा पट्टा अरुंद, म्हणजे पोकलेनचं काम कमी. गावातले एक म्हातारे तांडेल रोज संध्याकाळी साइटवर येऊन बसायचे. सगळे त्यांना काफा म्हणायचे, म्हणजे आजोबा. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत त्यांनी मला एकदा सगळं समजावलं. वाळूवर काटकीने बेट काढलं, पावसाळी वारं कुठून येतं ते दाखवलं, लाट चॅनलमध्ये शिरली की कशी उभी राहते आणि वाळू कुठे आणून टाकते तेही. मग बेटाच्या उत्तरेला एक वाकडी रेघ मारली. तोंड इथे, आडोशाला. मी हर्णैचा, चार पिढ्या होडीवरच्या. मला ते लगेच पटलं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "डिझाइन मंजूर झालंय. पाइल ओळंब्यात बसतायत का, तेवढं तू बघ."

जूनमध्ये फेरी आली आणि चॅनलबाहेर पाऊण तास हेलकावे खात राहिली. जेट्टीवर एक बाई उभी होती, मुलगी राजधानी मालेला शिकायला. खलाशाच्या हाती द्यायला तिने रिहाकुरुच्या, म्हणजे ट्यूनाच्या आटवलेल्या अर्काच्या, तीन बाटल्या टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या. फेरी वळली आणि निघून गेली. बाई तिथेच खाली बसली आणि झाकणांवर उडालेलं खारं पाणी ओढणीच्या टोकाने पुसत राहिली. काफा माझ्याकडे बघत होते. मला मान वर करवली नाही.

पुढच्याच वर्षी वाळू उपसायला पुन्हा बार्ज आणावा लागला.

म्हणून सांगतो, बेटावर काहीही बांधण्याआधी तिथल्या तांडेलांना एक अख्खा पावसाळा विचारा. दुसरं म्हणजे वेळापत्रक. जुन्या लाकडी फेऱ्या संथ, त्यात आठवड्यातून मोजक्याच दिवशी, आणि शुक्रवारी तर बंदच. मालेच्या दवाखान्यात तासाभराचं काम असलं तरी पाहुण्यांकडे मुक्काम ठरलेला. 2022 पासून सरकारने आरटीएल नावाच्या जलद फेऱ्या सुरू केल्या, त्या मला आजवरच्या सगळ्या योजनांत सरस वाटतात. तिकिटातून त्यांचा खर्च निघायचा नाही, आणि ती अपेक्षाच चूक आहे. रस्त्याचा खर्च आपण चालणाऱ्याकडून वसूल करतो का?

पूल वाईट असं नाही. चीनच्या मदतीने झालेला माले-हुलहुमालेचा पूल 2018 मध्ये सुरू झाला आणि राजधानीतल्या माणसांचं रोजचं जाणं-येणं सोपं झालं, पण तिथे गर्दीही तशीच आहे. उत्तरेकडच्या हनिमाधू बेटावरचा विमानतळ भारताच्या कर्जातून वाढवला, तोही हवाच होता. अत्यवस्थ रुग्णाला बोटीत बारा तास बसवायचं नसतं. पण विमानातून उतरलेल्या माणसालाही शेजारच्या बेटावर जायला शेवटी बोटच लागते.

आणि प्रवाळ कमी कापावं, हे साहेबांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं. लाटा आधी प्रवाळच अडवतं, ते गेलं तर बेट उघडं पडतं. पण साहेब, तुम्ही प्रवाळ वाचवायला पश्चिम धरली नव्हती. उत्तरेला साठ मीटर जास्त कापावं लागेल, बिल वाढेल, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी समोर उभा होतो. त्या बिलात दरवर्षीची वाळू कुठे धरली होती? ते ड्रॉइंग अजून माझ्याकडे आहे. काफांची वाकडी रेघ मी त्यावर त्याच रात्री पेन्सिलीने काढून ठेवली होती.