महामारीत रुग्णाचं व्हेंटिलेटर काढणं इस्लाममध्ये चालतं का?
चालतं, पण अटीवर. १९८६ साली जॉर्डनमधल्या अम्मानच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र) अकादमीने ठरवलं की मेंदूचं काम कायमचं थांबल्याचं तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं, तर हृदय यंत्राच्या जोरावर चालू असलं तरी यंत्र काढता येतं. सगळ्याच उलेमांना (धर्मपंडितांना) हे पटत नाही, बरं का.

महामारीतला पेच वेगळा: यंत्र एक, रुग्ण दोन. नागपुरात एप्रिल २०२१ मध्ये बेडसाठी वणवण चालली होती, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता. अशा वेळी गरज आणि वाचण्याची शक्यता बघायची; पैसा, ओळख, धर्म नाही. पण यंत्रावर असलेल्याची आशा शिल्लक असताना ते काढून दुसऱ्याला लावणं अनेक मुफ्तींना, म्हणजे फतवा देणाऱ्या पंडितांना, मंजूर नाही.

नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मौलानांकडे जाण्याआधी मेंदूचं काम कायमचं थांबलंय की आशा शिल्लक आहे, हे आयसीयूच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. मौलाना पहिले तेच विचारतील.