दुधाच्या दाढा किडल्या असतील तर पडण्याची वाट पाहू नये

आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या दोन दाढा किडल्या आहेत आणि घरची वडीलधारी मंडळी ‘दुधाचेच दात, पडतीलच’ म्हणतात, तेव्हा थांबावे का, असे आपण यवतमाळ जिल्ह्यातून विचारले आहे. कृपया थांबू नका. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा साधारण 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे आपल्या मुलीला अजून निदान पाच वर्षे याच दाढांनी भाकर चावायची आहे.

अंगणवाडीच्या कामात मला वारंवार दिसले, की दुखणे हळूहळू वाढलेले असले तर लहान मूल ते बोलून दाखवत नाही. ते एकाच बाजूने चावते, घास गालात धरून बसते, ज्वारीची भाकर सारून चहात बुडवलेले बिस्किट मागते (ज्याने कीड आणखीच वाढते), आणि आपण त्याला खाण्याचे नखरे समजून रागावतो. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत पेंगते किंवा चिडचिडे होते. असेच महिनोन्‌महिने चालले तर वजन वाढण्यावरही परिणाम होऊ शकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-वडील सकाळीच शेतात जातात, त्यामुळे ही लक्षणे नजरेतून सुटतात. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, परंतु घरी असणाऱ्या आजीने मूल कसे जेवते याकडे मुद्दाम लक्ष द्यावे.

दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. म्हणून वाचवता येण्याजोगी दाढ वाचवावी. आपल्याकडे काही गावांत पाण्यातील जास्त फ्लोराइडमुळे कायमच्या दातांवर तपकिरी डाग येतात. ती कीड नव्हे, पण खड्डा दिसत असेल तर त्याला डाग समजून सोडू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. मुलीच्या दाढा त्यांना दाखवून पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागावी. दुखणे सुरू झाले असेल तर पथकाची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी, मजुरी बुडाली तरी, मुलीला रुग्णालयात न्यावे.