पदकं उतरव, त्याला बोलू दे

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझी स्क्रिप्ट काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. पंधरा ऑगस्टला दाखवायची चहाची जाहिरात, चाळीस सेकंद, नाशिकरोडचा फलाट. गणवेशातला जवान गाडीतून उतरतो, छातीवर पदकं, हमाल टाच जुळवून सॅल्यूट ठोकतो, चहावाला पैसे घेत नाही, एक चिमुरडी हातात तिरंगा देते आणि मागे बासरी. खाली तू विचारलंयस, "मावशी, डोळ्यांत पाणी आलं का?" आलं. पण त्यावर जाऊ नकोस. पाणी काढण्याचा धंदा मीही केलाय. बासरी, संथ केलेलं चित्र आणि एखादा सुरकुतलेला हात एवढ्यावर ते येतंच. त्यात तुझ्या जवानाचं कर्तृत्व काही नाही, तुझंही नाही.

आधी साधी गोष्ट. सुट्टीवर निघालेला जवान पदकं लावून रेल्वेतून उतरत नाही. पदकं परेडला, समारंभाला. इथे आर्टिलरी सेंटर आहे, पलीकडे देवळालीला तोपखान्याचं स्कूल आहे, सराव चालू असला की आमच्याकडे खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्यामुळे फौजी बघणं नाशिकरोडला नवलाचं नाही. सुट्टीला निघालेली पोरं जीन्स-टीशर्टात असतात. पायात स्पोर्ट्स शूज, कानावरचे केस बारीक कापलेले, पाठीवर सॅक आणि सोबत काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. हातात फोन, आणि फोनवर बहुतेक वेळा एकच विषय: तिकीट कन्फर्म झालं की नाही. कसम परेडच्या, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर नवे जवान शपथ घेतात त्या संचलनाच्या दिवसांत त्यांचे आईबाप येतात. कुठल्या कुठल्या राज्यांतून, दोन-दोन रात्री प्रवास करून. बिटको चौकात उभं राहून कोणत्या रिक्षात बसायचं ते विचारत असतात, आणि भाषेचा अंदाज आला की काही रिक्षावाले दुप्पट भाडं सांगतात. हे तुझ्या जाहिरातीत येणार नाही, मला कळतं. पण स्टेशनबाहेर हे चालू असताना फलाटावर सगळे सॅल्यूट ठोकतायत, असं दाखवायचं असेल तर निदान तुला ते माहीत असू दे.

आता खरं खटकलं ते. तुझ्या स्क्रिप्टमध्ये देतो कोण? चहावाला. एका कपाचे पैसे सोडणं म्हणजे त्याच्या दिवसाच्या गल्ल्यातलं काहीतरी सोडणं. हमाल ओझं खाली ठेवून सलाम करतो, म्हणजे तोही आपला वेळ देतो. ज्या कंपनीचा चहा आहे ती काय देते? शेवटच्या तीन सेकंदांत आपला लोगो. आपल्याकडच्या देशभक्तीच्या जाहिराती नीट बघ, कृतज्ञता कायम सगळ्यात गरीब पात्राच्या खिशातून जाते. क्लायंटला एकदा सरळ विचार की ध्वजदिन निधीला तुम्ही काय देता. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून चालू आहे. लाल, गडद निळा, फिकट निळा असा तो छोटा ध्वज शाळेत तूही छातीला लावला असशील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे तो निधी जमा होतो आणि वीरपत्नी, जखमी जवान, माजी सैनिकांची मुलं यांच्यासाठी वापरला जातो. विचारलंस तर मीटिंगमध्ये क्षणभर शांतता पसरेल. पसरू दे.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. तेव्हापासून पडद्यावरची गृहिणी बरीच पुढे आली. ऐंशीच्या दशकातली सर्फची ललिताजी आठव, किंवा यूट्यूबवर बघ. निरमा कितीतरी स्वस्त होती आणि महाग पावडर विकायची होती. त्यांनी काय केलं, तर बाईला भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लावली. ती हिशेब मांडते, उलट उत्तर देते, कॅमेऱ्याकडे बघून खडसावते. लोकांना ती पटली, कारण तिला डोकं होतं. आपल्या जाहिरातींतल्या जवानाला डोकं कधी दिलंय कोणी? तो उभा राहतो, घरून आलेलं पत्र वाचतो, धूसर होतो. त्याला मत नाही, भूक नाही, कटकट नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. मेथीची जुडी घेताना त्यांनी ललिताजीलाही घाम फोडला असता.

सगळंच वाईट असतं असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये बजाजने 'व्ही' ही मोटरसायकल आणली, आयएनएस विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या भंगारातलं पोलाद तिच्यात वापरून. १९७१ च्या युद्धातली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे लिलावात गेली, मोडली गेली. तिच्या धातूची गाडी विकायची, याची मला आधी शिसारी आली. मग वाटलं, भट्टीत जाऊन त्याच्या निनावी सळया होण्यापेक्षा हे बरं. अजूनही माझं नक्की मत होत नाही. पण तिथे दाखवायला एक खरी वस्तू तरी होती. तुझ्याकडे नुसती बासरी आहे.

आणखी एक. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये राजकीय पक्षांना बजावलं की जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका. चहा-बिस्किटवाल्यांना तो आदेश नाही. तेव्हा मर्यादा तुझी तुलाच घालून घ्यावी लागणार.

तू विचारलंयस की मग चांगुलपणा दाखवायचा कसा. मी बघितलेलं सांगते. देवळाली कॅम्पात एका ई-सेवा केंद्रात रांगेत होते. पुढे एक म्हातारी, फौजीची विधवा, हयातीचा दाखला काढायला आलेली. बोटांचे ठसे मशीन घेईना. वयामुळे ते झिजतात, त्यातून तिने जन्मभर भांडी घासलेली. काउंटरवरच्या पोराने ओल्या फडक्याने तिची बोटं पुसली, एक-एक करून सगळी लावून बघितली. शेवटी फोन समोर धरून चेहऱ्यावरून दाखला काढला. रांगेतला एकजण ओरडला, त्यालाही तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचंही असंच करीन." मग त्याने ठरलेले पैसे सांगितले आणि तिने ते कनवटीची गाठ सोडून मोजून दिले. फुकट केलं असतं तर ती अवघडली असती, पुढच्या वर्षी कदाचित आलीही नसती. तुझ्या चहावाल्याला हे कळायला हवं. घेऊ दे त्याला पैसे. त्याने फक्त चहा गरम द्यावा आणि गाडी सुटायच्या आत द्यावा.

तर मी असं करीन. जवान साध्या कपड्यांत. म्हणजे डब्यात कोणालाच ठाऊक नाही तो कोण आहे. ट्रंक ठेवायला जागा नाही. समोरच्या बाई कुरकुरत का होईना, आपली पिशवी मांडीवर घेतात. तो ट्रंक सरकवतो, चहा मागतो, पाण्यासारखा आहे म्हणून चहावाल्याला ऐकवतो. बस. नंबर रंगवलेली ती ट्रंक प्रेक्षकाला अर्धा सेकंद दिसू दे, बाईंना दिसू देऊ नकोस. त्यांना कळलं तर त्या उठून उभ्याच राहतील आणि सगळं मुसळ केरात.

क्लायंट म्हणेल, यात सॅल्यूट कुठे आहे? आणि चहाला नावं ठेवलेली चालणार नाहीत, असंही म्हणेल. दुसऱ्या मुद्द्यावर त्याचं ऐक, बिचाऱ्याला चहा विकायचाय. दुसऱ्या कपाला खूश होऊ दे जवानाला. पहिल्या मुद्द्यावर अडून बस.

शिवाय एक काम. तुमच्या ऑफिसच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड फौजेतून आलेला आहे का, विचार. २०२२ च्या अग्निपथ योजनेआधी भरती झालेल्या शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन मिळते, पस्तिशी-चाळिशीत माणूस बाहेर पडतो, आणि त्यातले कितीतरी मग कुठल्यातरी गेटवर बारा-बारा तास उभे असतात. तो नसेल फौजेतला तरी त्याला खुर्ची आहे का बघ. नसेल तर अॅडमिनला मेल टाक. स्क्रिप्टही त्याला वाचून दाखव. फौजी असला तर तो चुका काढेल, वहीत उतरवून घे.

शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीने ये. शनिवारी सकाळी फलाटावर दोन तास बसू, फोटो काढायचे नाहीत. आर्ट डिपार्टमेंटला सांगून ठेव की ट्रंकेवर कोणाचा खराखुरा नंबर रंगवू नका, आणि पदकं भाड्याने आणली असतील तर परत करून डिपॉझिट घ्या.

तुझी,
मावशी