लाइटनिंग चढावर ठोकतेय? टायमिंगला हात लावण्याआधी इंटरकूलरचं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २००२ ची फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, सेकंडहँड. आधीच्या मालकाने सुपरचार्जरला (इंजिनात जादा हवा ढकलणारा ब्लोअर) लहान पुली बसवली आहे, म्हणजे तो जास्त वेगाने फिरतो, आणि बूस्ट (त्या हवेचा जादा दाब) १२ पीएसआय दिसतो. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे चढताना फुल थ्रॉटलला ३५०० आरपीएमच्या पुढे खडखड येते (नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं). पहिल्यांदा दाबलं तर येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्यांदा येते. पंपावरचं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल आणि वर ऑक्टेन बूस्टर, दोन्ही करून झालं. टायमिंग मागे घेऊ का, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा पाडू का?

इतक्यात नको. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य 'पहिल्यांदा येत नाही' हे आहे. टायमिंग चुकलं असतं किंवा पेट्रोल हलकं असतं तर पहिल्याच दाबात खडखडली असती. मधल्या वेळात बदलतं ते एकच, आत जाणाऱ्या हवेचं तापमान.

या गाडीचा ईटन एम११२ हा रूट्स जातीचा ब्लोअर. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि त्यात ती भरपूर तापते. कंपनीची पुली असताना बूस्ट साधारण ८ पीएसआय. बाहेर ४३ अंश सेल्सिअस आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या आसपास येते. १२ पीएसआयला ब्लोअर जास्त वेगाने फिरतो, कार्यक्षमता ५५ टक्क्यांवर आली असं धरा. तीच हवा १५० अंशांना जाते. हे ४० अंश जास्तीचे उतरवायचं काम इंटरकूलरच्या (ब्लोअरनंतर हवा थंड करणारा भाग) पाण्याचं, आणि ते पाणी एक छोटा इलेक्ट्रिक पंप फिरवतो. वीस वर्षांच्या गाडीत तो पंप मेलेला किंवा अर्धमेला निघणं अगदी नेहमीचं आहे. डॅशवर त्याचा दिवाही लागत नाही.

तपासायला हत्यार लागत नाही. गाडी थंड असताना इंटरकूलरच्या वेगळ्या टाकीचं झाकण काढा (रेडिएटरचं नव्हे!), इंजिन चालू करा आणि टॉर्च मारून आत बघा. पाणी ढवळताना दिसलं पाहिजे. संथ असेल तर पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या वर येतंय आणि पाणी हलत नाही, तर पंप गेला. व्होल्टेजच नसेल तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग बघा. पाणी हलतंय पण बुडबुडे येत राहतात, तर आत हवा अडकली आहे. ती निघेपर्यंत टाकी भरत राहा. पुढच्या छोट्या रेडिएटरच्या पात्यांत किडे-माती बसली असेल तर तीही धुऊन काढा.

मग स्कॅनरवर आयएटी-२ चा लॉग (गाडी चालवतानाची नोंद) घ्या. हा सेन्सर इंटरकूलरच्या नंतरची हवा मोजतो. दाबल्यावर आकडा चढणारच; पाय काढून साधं चालवताना मिनिटभरात तो उतरायला लागला पाहिजे. प्रत्येक दाबाला आधीच्यापेक्षा वरून सुरुवात होत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

पंप ठीक निघाला तर दुसरा संशय पेट्रोल कमी पडण्याचा. मूळ इंजेक्टर ताशी ४२ पाउंडांचे. आठही मिळून, ८५ टक्के उघडे धरले तर, जेमतेम पावणेपाचशे हॉर्सपॉवरला पुरतात. २००२ ची मूळ गाडी ३८० ची. १२ पीएसआयला तुम्ही काठावर आहात. त्यातून लहान पुलीवर मूळ ९० मिलिमीटरचा मास एअरफ्लो सेन्सर वरच्या टोकाला अडकतो. व्होल्टेज ५ च्या जवळ जाऊन सपाट झालं की त्यापुढची हवा कॉम्प्युटरला दिसतच नाही, आणि ट्यूनमध्ये (कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) त्याची सोय नसेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वाइडबँड लावा (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर). बूस्टमध्ये ११.५ च्या आसपास हवं, १२.५ दिसलं तर तिथेच पाय काढा. फ्यूएल रेलला गेजही जोडा: बूस्ट जितका वाढतो तितकंच रेलचं प्रेशर वाढलं पाहिजे. वर जाऊन ते खाली घसरत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर.

प्लग मात्र आजच काढा, कारण आतापर्यंतच्या ठोकण्याने काय झालंय ते तेच सांगतील. पोर्सेलिनवर मिठासारखे काळे किंवा चकाकणारे राखाडी कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. मग कॉम्प्रेशन टेस्ट होईपर्यंत गाडी दाबायची नाही. तेलकट काळे असतील तर पीसीव्हीतून (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) ब्लोअरमध्ये तेल जातंय. तेलाची वाफ मिश्रणाचा ऑक्टेन खाली ओढते, ते तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवा. लालसर थर ही तुमच्या बूस्टरमधल्या मँगनीजची कृपा.

काढताना सांभाळा. या ५.४ लिटरच्या हेडमध्ये प्लगला मोजकेच आटे आहेत, प्लग उडून बाहेर येण्याबद्दल हे इंजिन बदनाम आहे. इंजिन पूर्ण थंड, आधी प्रत्येक खड्ड्यात कॉम्प्रेसरची हवा मारून कचरा उडवा, मग पाना. नवे प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे), गॅप ०.८ ते ०.९ मिलिमीटर. सुरुवातीचे आटे हातानेच बसवा, शेवटी टॉर्क रेंचने १८ न्यूटन मीटर.

आवाज नक्की नॉकिंगचाच आहे ना, हेही एकदा बघा. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर बंद, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड. आयडलला ब्लोअरच्या नाकातून खडखड, तर आतला कपलर. खोल, जड ठोका असेल तर बेअरिंग.

बूस्टरबद्दल: बाटलीवरचा 'पॉइंट' म्हणजे बहुधा दशांश असतो. तीन पॉइंट म्हणजे ९१ चं ९१.३. भारतातून नवीन आलेल्यांसाठी, अमेरिकेतलं ९१ हे आपल्याकडच्या ९५ च्या आसपास पडतं. मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

सगळं ठीक निघूनही ठोकत असेल, तर ४३ अंशांत ९१ च्या पेट्रोलवर १२ पीएसआय जास्तच आहे. मग ट्यूनरकडून टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्या किंवा उन्हाळ्यापुरती कंपनीची पुली लावा. माझं मत पुलीच्या बाजूने. मूळ कॉम्प्रेशन ८.४ ला १ आणि ८ पीएसआय ही जोडी याच पेट्रोलवर चालेल अशी बनवली आहे, आणि टायमिंग मागे घेतलं की एक्झॉस्ट आणखी तापतो.

आयएटी-२, एअरफ्लो व्होल्टेज आणि वाइडबँड एकाच लॉगमध्ये, तिसऱ्या गिअरमधला एक पूर्ण दाब, आणि आठही प्लगचे फोटो सिलिंडर नंबरसकट टाका. ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८, मोजणी पुढून मागे.