विचारा बिनधास्त: लिस्बनला एकच दिवस, त्यात ह्यांचे गुडघे

प्रश्न: आम्ही दोघं सप्टेंबरात मुलाकडे माद्रिदला जातोय, त्यातला एक दिवस लिस्बनसाठी काढलाय. मुलाने 18 ठिकाणांची यादी पाठवलीय. ह्यांचे गुडघे बरे नाहीत. मी मासे-मटण खात नाही (अंडं चालतं), हे मात्र मासा दिसला की खूश. काय बघावं, कुठे खावं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, ती यादी मुलालाच परत पाठवा. लिस्बन नकाशावर हाताशी वाटतं पण आहे सगळं चढ-उताराचं, नकाशातली पाच मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात गल्लीभर पायऱ्या आणि पायाखाली तो पांढरा गुळगुळीत दगड, पाऊस पडला की संपलंच. सगळे सांगतात वर ट्रामने जा आणि खाली चालत या, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त छळतो हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणून सकाळी नदीकाठचं बेलें, दुपारी बायशा म्हणजे शहराचा मधला भाग, दोन्ही सपाट, आणि टेकडी एकच, तीही बसने. बस्स.

बेलेंला जायला कैस दो सोद्रे स्टेशनवरून काश्काइशची लोकल घ्या, थोड्याच वेळात पोचता. डोंबिवलीकरांना काय शिकवायचं, पण काही फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, बोर्ड बघून चढा. तिकिटाचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकावर दोघं जाता येत नाही. सोमवार असेल तर दिवस बदला, कारण जेरोनिमोसचा मठ सोमवारी बंद. तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. माणूस वारला कोचीनला, 1524 साली, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. मठाचा खर्चही बराचसा आपल्याकडच्या मिरी-मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून निघाला, तेव्हा आपल्याच पैशाचं काम बघतोय असं समजून निवांत बघा. दगडात जहाजाचे जाडजूड दोर कोरलेत, पीळ न् पीळ दिसतो. बेलेंचा बुरूज बाहेरूनच बघा, आतला जिना ह्यांच्यासाठी नाही.

मठाजवळच 1837 पासूनचं पास्तेइश द बेलेंचं, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं दुकान. बाहेरची लांबलचक रांग बघून परत फिरू नका, ती बरीचशी पार्सलवाल्यांची असते, आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, तिकडे बसायला जागा मिळते. गरम असतानाच खायचं, वरून दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरायची, पारी कुरकुरीत, आत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड, वर थोडं करपलेलं. दोघांत चार मागवा, दोन मागवले तर परत ऑर्डर द्यावी लागेलच!

जेवायला परत बायशात या, पण रुआ औगुश्ता ह्या मुख्य रस्त्यावर फोटोवाला मेन्यू हातात धरून बोलावणाऱ्यांच्या नादी लागू नका. आजूबाजूच्या गल्लीत जिथे काचेवर हाताने लिहिलेला आजच्या जेवणाचा कागद चिकटवलाय आणि आत ऑफिसवाले जेवताहेत तिथे घुसा, पण अडीचच्या आत, तीननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येईल. ते फुकट नाही, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. ह्यांना बाकल्याव आ ब्राश सांगा, खारवलेला कॉड मासा तंतू-तंतू करून तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि अंड्यात परततात, काटे जवळजवळ नसतात. तुम्हाला भाजीचं सूप, टोमॅटोचा भात, ऑम्लेट. "सें कार्न, सें पेश" असं दोन्ही सांगा, नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. काल्दो वेर्द हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी दिसतं पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो, सोडून द्या.

मग नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओ चौकात नुसतं बसा. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात हा सगळा भाग गेला, नंतर पोंबाल ह्या तेव्हाच्या मंत्र्याने सरळ रेषेत पुन्हा बांधला, म्हणून इथेच रस्ते आखल्यासारखे आहेत. पाचच्या सुमारास फिगेरा चौकातून 737 नंबरची बस टेकडीवरच्या किल्ल्यापर्यंत नेते. तिथून जवळच पोर्तास दो सोल हा गच्चीसारखा चौक, खाली अल्फामा ह्या जुन्या वस्तीची लाल कौलं आणि तेजो नदी. अल्फामात उतरायचा मोह आवरा, वरून बघितलं तरी बघितलंच! येताना 28 नंबरची ट्राम मिळाली तर मजा, पण गर्दीत पर्स पुढे घ्या, पाकीटमार ह्याच ट्रामवर असतात.

प्रश्न: लिस्बनमध्ये आपलं जेवण मिळतं का? नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी शीतकडीची (भात-आमटीची) आठवण येते. – एक वाचक, मडगाव

उत्तर: मिळतं. तिकडे गोंयकारांची हॉटेलं आहेत, शाकुती (गोव्याचा मसालेदार रस्सा) पण मिळते. किराणा लागला तर मार्तिं मोनिश चौकाच्या आसपास. पण एकाच दिवसासाठी जात असाल तर शाकुती शोधत अर्धा दिवस घालवू नका. कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत शामुसा म्हणजे आपला समोसा ठेवलेला असतो, कॉफीबरोबर तेवढा एक खा. सारण बहुतेक वेळा मांसाचं असतं, कसलं ते विचारून घ्या.